कागदावरचे मुलगे

तुमच्या गावात घरांच्या ओळी किती? तुमचं घर कितव्या ओळीत, आणि ओळीच्या टोकापासून कितवं? तिसऱ्या घरात कोण राहतं? त्याच्या बायकोचे पाय लहान राहावेत म्हणून बांधलेले आहेत का? तुमच्या घरात तांदूळ कुठे ठेवतात? स्वयंपाकघराची जमीन मातीची की फरशीची? पाणी कुठल्या विहिरीचं, आणि ती घराच्या कुठल्या दिशेला? भिंतीवर घड्याळ आहे का? असलं तर कुठल्या भिंतीवर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१० ते १९४० अशी तीस वर्षं तिथल्या तपासणी केंद्रात चीनहून आलेल्या माणसांना असे शेकडो प्रश्न विचारले जात. उत्तरं देणारा पुष्कळदा बारा-चौदा वर्षांचा मुलगा असे. त्याचं प्रत्येक उत्तर टंकलिखित व्हायचं. मग अमेरिकेत राहणाऱ्या त्याच्या बापाला बोलावून तेच प्रश्न विचारायचे, आणि दोन्ही जबाब शेजारी ठेवून फरक शोधायचा. फरक सापडला की मुलगा खोटा ठरायचा आणि त्याला परतीच्या बोटीत बसवलं जायचं.

अमेरिकेत चिनी माणसांचा जो छळ झाला त्यातल्या दंगली लोकांना आधी आठवतात. त्या आठवल्याच पाहिजेत. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसला जमावाने एका रात्रीत अठराच्या आसपास चिनी मारले. २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्स इथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांना मारलं, त्यांची वस्ती जाळली, आणि एकालाही शिक्षा झाली नाही. दोनच महिन्यांनी टॅकोमा शहराने आपल्या सगळ्या चिनी रहिवाशांना पावसात चालवत गावाबाहेर काढलं. पण जमाव पांगल्यावरही जे चालू राहिलं, साठ वर्षांहून अधिक काळ रोज सकाळी दहाच्या ठोक्याला उघडत राहिलं, ते कचेरीचं काम होतं. त्या कामाकडे बारकाईने पाहिलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण त्याचे पुष्कळसे भाग अजून वापरात आहेत.

ही माणसं आली मुख्यतः दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून, आणि त्यातही ताइशान आणि आसपासच्या तीन तालुक्यांतून. डोंगराळ मुलूख, थोडी शेती, बंडं आणि यादवीने मोडलेली गावं. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८५२ या एका वर्षात वीस हजारांवर चिनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. तिकिटाचे पैसे बहुतेकांनी उसने घेतलेले, मजुरीतून फेडायच्या बोलीवर. त्याच वर्षी राज्याने परदेशी खाणकामगारांवर दरमहा ३ डॉलरचा कर बसवला, पुढच्या वर्षी तो ४ डॉलर केला. कागदावर तो सगळ्याच परदेशी लोकांना लागू होता, वसुली प्रामुख्याने चिन्यांकडून व्हायची. वसुली करणाऱ्याने मारहाण केली तर दाद मागण्याची वाट १८५४ मध्ये बंद झाली. जॉर्ज हॉल या गोऱ्या माणसाला लिंग सिंग या चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. साक्षीदार चिनी आहेत आणि चिन्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही, एवढ्या कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मग रेल्वे. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने सिएरा नेवाडाच्या डोंगरातून रूळ नेले ते दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांच्या जिवावर. माथ्यावरचा बोगदा १,६५९ फूट लांब, सगळा ग्रॅनाइट. दोन्ही तोंडांकडून आणि मधोमध विहीर खणून तिथून दोन दिशांना, असं चार ठिकाणी एकाच वेळी काम चाले, तरी साध्या सुरुंगाच्या दारूने एका तोंडाला दिवसाला जेमतेम एक फूट खडक निघे. जून १८६७ मध्ये मजुरांनी महिना ४० डॉलर पगार आणि कमी तास मागत काम थांबवलं. कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने डोंगरावरच्या छावण्यांचा शिधा तोडला. आठवड्याभरात संप मोडला. १० मे १८६९ ला रूळ जोडले गेले आणि हजारो हात एकदम बेकार होऊन शहरांकडे आले. शहरांत त्यांच्यासाठी नियम तयार होत होते.

त्या नियमांपैकी सॅन फ्रान्सिस्कोच्या धोबीखान्यांचा नियम समजून घेण्यासारखा आहे. १८८० च्या या ठरावात कुठल्याही वंशाचं नाव नाही. लाकडी इमारतीत धोबीखाना चालवायचा तर नगर पर्यवेक्षक मंडळाचा परवाना लागेल, एवढंच त्यात म्हटलं होतं. आगीचा धोका, हे कारण. शहरात तेव्हा सुमारे ३२० धोबीखाने होते, त्यातले ३१० लाकडी इमारतींत, आणि सुमारे २४० चिन्यांचे. दोनशे चिनी मालकांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. ऐंशीच्या आसपास बिगरचिनी अर्ज आले, त्यातला एक सोडून सगळे मंजूर झाले. ‘यिक वो’ नावाचा धोबीखाना बावीस वर्षं त्याच जागी होता, अग्निशमन दलाने तो सुरक्षित असल्याचं लिहून दिलं होतं, तरी मालकाला दंड झाला आणि दंड न भरल्याने तुरुंगात जावं लागलं. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की कायदा दिसायला निःपक्षपाती असला तरी अंमल पक्षपाती असेल तर तो घटनेच्या विरुद्ध आहे. त्या काळात असा निकाल मिळणं मोठीच गोष्ट होती. तो मिळवला चिनी धोब्यांच्या संघटनेने, वर्गणी काढून, वकील लावून. गप्प बसून सोसणारे लोक अशी जी त्यांची प्रतिमा रंगवली जाते ती खोटी आहे.

देशाच्या दाराशी मात्र न्यायालयाने वेगळं माप लावलं. ६ मे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी केली आणि कोणत्याही चिनी माणसाला नागरिकत्व देण्याची मनाई केली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी, प्रवासी यांना सवलत होती, पण आपण त्या वर्गातले आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर. पुढे व्यापाऱ्याची व्याख्याही आवळली गेली: ठरावीक पत्त्यावर दुकान हवं, वर्षभर धंदा केलेला हवा, त्या काळात अंगमेहनतीचं काम केलेलं नको, आणि हे सांगायला दोन बिगरचिनी साक्षीदार हवेत. वर्षभरात एकदा जरी कोणी त्याला इस्त्री करताना पाहिलं तर तो मजूर.

आधीपासून अमेरिकेत असलेले मजूर गावी जाऊन परत येऊ शकत होते, त्यासाठी त्यांना निघताना प्रमाणपत्र मिळे. चाय चान पिंग हा बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहिलेला मजूर असं प्रमाणपत्र घेऊन जून १८८७ मध्ये चीनला गेला. परतीच्या प्रवासात तो समुद्रावर असताना, १ ऑक्टोबर १८८८ ला, संसदेने अशी सगळी प्रमाणपत्रं एका फटक्यात रद्द केली. सुमारे वीस हजार माणसं तेव्हा देशाबाहेर होती. त्यांची घरं, उधारी, दुकानातले वाटे सगळं अमेरिकेत राहिलं. चाय चान पिंग आठवड्याभराने बंदरात पोचला आणि त्याला उतरू दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये सांगितलं की परक्या माणसाला बाहेर ठेवण्याचा सरकारचा अधिकार सार्वभौम आहे आणि त्यात न्यायालय हात घालणार नाही.

१८९२ च्या गीअरी कायद्याने बंदी आणखी दहा वर्षं वाढवली आणि देशात असलेल्या प्रत्येक चिनी मजुराने निवासाचं प्रमाणपत्र जवळ बाळगावं असा हुकूम काढला. पुढच्या वर्षी त्यावर छायाचित्रही सक्तीचं झालं. प्रमाणपत्राशिवाय सापडला तर हद्दपारी. ते का मिळालं नाही हे सांगायचं असेल तर किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणायचा. चिनी संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार घातला आणि तो बहुतेकांनी पाळला, पण न्यायालयात ते हरले. १९०४ मध्ये बंदी बेमुदत झाली. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेत १,०७,४८८ चिनी होते, १९२० मध्ये ६१,६३९ उरले. १८९० मध्ये जवळजवळ २७ पुरुषांमागे एक स्त्री होती, कारण १८७५ पासूनच चिनी बायकांना वेश्या असल्याच्या संशयावरून परत पाठवलं जाई. एक अख्खी पिढी संसाराविना म्हातारी झाली. मला या सगळ्या इतिहासात हा आकडा सर्वांत क्रूर वाटतो.

या भिंतीत एकच फट राहिली, ती वाँग किम आर्कने पाडली. हा सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्मलेला स्वयंपाकी. १८९४ मध्ये चीनला जाण्याआधी त्याने आपला जन्म इथलाच आहे अशा निवेदनावर गोऱ्या साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. १८९५ मध्ये परतल्यावर त्याला बंदरातल्या बोटींवरच काही महिने अडकवून ठेवलं. २८ मार्च १८९८ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ असा निर्णय दिला: अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल, आईबाप चिनी प्रजाजन असले तरी, अमेरिकेचं नागरिक आहे. एवढं जिंकूनही १९०१ मध्ये टेक्सासच्या सीमेवर त्याला बेकायदा चिनी मजूर समजून पकडलं आणि ३०० डॉलरच्या जामिनावर सोडलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव घेऊन नागरिक ठरवलेल्या माणसालाही तेच पुन्हा सिद्ध करावं लागलं.

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. आता कोणीही चिनी माणूस म्हणू शकत होता की मी इथे जन्मलो, माझी नोंद जळाली. खोटं ठरवायला कागद नव्हता. असा माणूस नागरिक ठरला की चीनमध्ये झालेली त्याची मुलंही नागरिक. तो गावी जाऊन आला की अधिकाऱ्याला सांगायचा, मुलगा झाला. पुन्हा जाऊन आला, आणखी एक मुलगा. प्रत्यक्षात मुलगी झालेली असे, किंवा काहीच नाही. पण सरकारी फायलीत एका मुलाची जागा तयार व्हायची, आणि पंधरा वर्षांनी ती जागा पुतण्याला, गाववाल्याला किंवा अगदी परक्याला विकता यायची. भाव साधारण मुलाच्या वयाच्या दर वर्षाला १०० डॉलर. त्या काळच्या धोबीखान्यातल्या पगारावर हे कर्ज फिटायला वर्षं लागत.

पैशाबरोबर एक वही मिळायची. तिच्यात कागदावरच्या बापाच्या तीन पिढ्यांची वंशावळ, गावाचा नकाशा, प्रत्येक घरात कोण, बाप कोणत्या साली आला-गेला, घराला दारं किती, असं सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं असे. मुलाने ती बोटीवर पाठ करायची आणि बंदर दिसण्याआधी समुद्रात टाकायची.

पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच होऊन ते शहरात उतरत. खालच्या वर्गातल्यांना लहान बोटीने एंजल आयलंडवर नेत. तिथे आधी वैद्यकीय तपासणी, कपडे उतरवून, शौचाचा नमुना घेऊन. आकडीकृमी, पुढे यकृतातला कृमी, डोळ्यातली खुपरी, ही कारणं प्रवेश नाकारायला पुरत. हे रोग ग्वांगडाँगच्या भातशेतीत सर्रास होते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. उपचाराची मुभा मिळालीच तर त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. मग दुमजली लाकडी बराकी, बाप्ये वेगळे, बाया-मुलं वेगळी, एकावर एक लोखंडी खाटा, भोवती काटेरी तार. चौकशीआधी कोणाला भेटता येत नसे, पत्रं उघडून वाचली जात.

चौकशी मंडळात दोन निरीक्षक, एक लघुलेखक, एक दुभाषा. दुभाषा बैठकीगणिक बदलत, त्याने फितूर होऊ नये म्हणून. चौकशी दोन-तीन दिवस चाले. आणि ती बिघडायची कशी, हे पाहिलं की या सगळ्या पद्धतीतला अन्याय उघड होतो.

बाप दहा वर्षांपूर्वी गाव सोडून आलेला. त्यानंतर घराची खोली वाढली, शेजारचा वारला, विहीर बुजवली. मुलगा आजचं घर सांगतो, बाप तेव्हाचं. चिनी रीतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं मानतात आणि नववर्षाला एक वर्ष वाढतं. मुलाने रीतीप्रमाणे वय सांगितलं आणि बापाने इंग्रजी पद्धतीने, की एक-दोन वर्षांचा फरक पडला. चांद्र तारखा इंग्रजीत बदलताना चुकल्या. आजीला कोणत्या नावाने हाक मारतात आणि कागदावरचं नाव कोणतं, यात गोंधळ झाला. एखादा मुलगा नुसता घाबरला. या चुका खऱ्या मुलांकडूनही होत, किंबहुना त्यांच्याकडून अधिक, कारण खोट्या मुलाने सगळं पाठ केलेलं असे. म्हणून खरे मुलगेही वही पाठ करून येऊ लागले. वाँग किम आर्कचा थोरला मुलगा १९१० मध्ये या बेटावर आला. बाप-लेकाच्या जबाबांत तफावत निघाली आणि त्याला परत पाठवलं. धाकट्या तिघांना मात्र १९२० च्या दशकात प्रवेश मिळाला.

मधेच अनपेक्षित प्रश्न आला तर बापापर्यंत उत्तर पोचवावं लागे. बेटावरचे चिनी स्वयंपाकी सुट्टीत शहरात जात. ते चायनाटाऊनमधून चिठ्ठ्या आणत, त्या शेंगदाण्याच्या टरफलात किंवा फळात लपवून जेवणाच्या वेळी पोचत्या होत. १९२२ मध्ये कैद्यांनी स्वतःची संघटना काढली, तिचे पदाधिकारी हा व्यवहार सांभाळत. चिठ्ठी पकडली गेली तर ज्याच्यासाठी ती होती त्याचं प्रकरण संपलंच. नकार मिळाला तर वॉशिंग्टनला अपील, त्यात आणखी महिने. क्वोक शी नावाच्या एका बाईला असं जवळजवळ दोन वर्षं बेटावर राहावं लागलं. या काळात लोकांनी भिंतींच्या लाकडावर कविता कोरल्या. १९४० मध्ये आगीनंतर केंद्र बंद पडलं. १९७० मध्ये, इमारत पाडायचं ठरलं असताना, एका उद्यानरक्षकाने त्या कविता पाहिल्या आणि वाचवायला लावल्या. आजवर दोनशेहून अधिक नोंदल्या गेल्या आहेत.

बेटावरून सुटल्यावर कागदावरचा मुलगा कागदावरचा राहायचा. तो चॅनचा ली झाला, त्याची मुलं ली म्हणून शाळेत गेली, सख्खा भाऊ लोकांसमोर ओळखीचा म्हणून वावरला. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाला तेव्हा, १९४३ मध्ये, बंदी उठली. कोटा वर्षाला १०५ माणसांचा, आणि तोही जगात कुठेही जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसांना मिळून. १९५६ नंतर सरकारने कबुलीची योजना आणली: खरं नाव सांगा, शक्य असेल तर कायम राहू देऊ. मात्र कबुली देणाऱ्याने आपल्या कागदी कुटुंबातल्या सगळ्यांची नावं द्यायची होती. एकाने तोंड उघडलं की वीस जणांचं आयुष्य टांगणीला. दहा हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली. बाकीच्यांनी नाही, आणि पुष्कळ घरांत नातवंडांना आपलं आडनाव विकत घेतलेलं आहे हे आजोबांच्या मृत्यूनंतर कळलं.

हिंदुस्थानी माणूस या गोष्टीत केव्हा येतो? आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा बंदीचा कायदा एक वर्षाचा होता. तो एकाच देशाच्या माणसांवर होता, म्हणून त्यांच्यापुढे आला नाही. गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे आणि विष्णु गणेश पिंगळे पश्चिम किनाऱ्यावर पोचले तोवर हवा बदलली होती. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात पंजाबी गिरणी कामगारांना जमावाने हाकलून लावलं. एंजल आयलंडच्या बराकीत हिंदुस्थानी लोकही डांबले जाऊ लागले, आणि १९१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियावर बंदी आली. चिन्यांसाठी बांधलेली व्यवस्था तयारच होती, तिच्यात नवीन नावं भरली गेली.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला: हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव मराठी कानाला घरचं वाटतं, जन्म अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ पासून नागरिक होते. निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. नागरिकत्वाच्या भरवशावर आपण वकिली उभी केली आणि संसार मांडला, आता ते काढणं अन्याय्य आहे, असं ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपिलातही जिंकले. त्यानंतर सरकारने असे उरलेले खटले सोडून दिले. वैष्णोदास बगाई मात्र त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, गेले. नागरिकत्व गेल्याने घर आणि दुकान गमावलेल्या या माणसाने आत्महत्या केली. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला १०० चा कोटा मिळाला. अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक मराठी घरांची सुरुवात १९६५ च्या कायद्यानंतरची आहे, ज्याने हे राष्ट्रनिहाय कोटे काढून टाकले.

ग्रीन कार्डधारक प्रौढाने आपलं कार्ड सतत जवळ बाळगावं ही सक्ती आजच्या अमेरिकन कायद्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये एक अध्यक्षीय आदेश निघाला, की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलालाही नागरिकत्व नाही. एडिसनमध्ये किंवा सनीव्हेलमध्ये एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी जोडप्यांच्या बाळांना तो थेट लागू होत होता. त्याविरुद्ध लगेच दावे दाखल झाले, न्यायालयांनी अंमल रोखला, आणि त्या दाव्यांचा मुख्य आधार होता वाँग किम आर्कचा १८९८ चा निकाल. सरकारच्या बाजूने परक्या माणसाच्या प्रवेशाचा प्रश्न येतो तेव्हा ज्या तत्त्वाचा आधार घेतला जातो, ते १८८९ च्या चाय चान पिंग खटल्यातलं आहे. तो निकाल आजतागायत रद्द झालेला नाही.